चांगल्या बाजूचा दाणा

मालनमावशीचा दाणा हिरवा होता, आणि तिला भाकरीचा घास तोंडात घालता येत नव्हता.

स्वरूपाला हे फोनवर कळलं, तेही शेजारच्या हौसाबाईकडून. "दूध-भाकरी कुस्करून खाती बग आता. दाढ दुखती म्हनती. पर तू काळजी करू नगंस, दाना हिरवाच हाय," असं सांगून हौसाबाईनं फोन ठेवलासुद्धा. स्वरूपा पुण्याच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून बसली होती. ते तिनं काढले, आणि मिळेल त्या गाडीनं कुरळवाडला निघाली. दाण्यावर विश्वास ठेवून निर्धास्त बसायला सगळा जिल्हा मोकळा होता. तिला ते जमलं नाही, कारण दाणा तिनंच बनवला होता.

कुरळवाड हे सीमेवरचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं गाव. साल दोन हजार एक्केचाळीस उजाडलं, रस्त्यावरून बिनड्रायव्हरच्या गाड्या धावू लागल्या, पण तंबाखूच्या वखारी काही बंद पडल्या नाहीत. त्या बंद पडणार असं सांगणारेच एकेक करून गप्प झाले. त्याच वखारीत मालनमावशीनं तंबाखू चाळत उभा जन्म काढला आणि बहिणीच्या मागं राहिलेली पोर वाढवली. स्वरूपाची आई ती लहान असतानाच गेली होती, बापानं दुसरं घर केलं होतं. मावशी नाकाला पदर बांधून कामाला जायची आणि संध्याकाळी शिंकत शिंकत पोरीचे पाढे घ्यायची. तंबाखूची चिमूट तिच्या डाव्या गालात कायमची बसलेली. वखारीतल्या सगळ्याच बायकांची ती सवय. तेवढ्यानं भूक मरते, आणि दिवस ढकलला जातो.

स्वरूपाला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी तिनं मावशीचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला होता. "माझी शपथ घे. आजपासून तंबाखू बंद." मावशीनं शपथ घेतली. पोरगी एवढी शिकली, तिचा शब्द कसा मोडायचा?

आता दाण्याचं सांगायला हवं.

गालाच्या आतलं अस्तर रोज कात टाकत असतं. जुन्या पेशी झडतात, लाळेत मिसळतात, आपण त्या गिळून टाकतो. प्रत्येक पेशीत काही जनुकं राखणदारीचं काम करतात. पेशी बेफाम वाढायला लागली की ती तिला आवर घालतात, नाहीच ऐकलं तर मरायला लावतात. तंबाखू वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली, की या राखणदारांवर बारीक रासायनिक खुणा चिकटत जातात आणि ते गप्प होतात. गालावर पांढरा चट्टा दिसायच्या कितीतरी आधी हे गप्प होणं सुरू झालेलं असतं, गाठ तर दूरच राहिली. झडलेल्या पेशींवरच्या या खुणा मोजता आल्या, तर कॅन्सर यायच्या दोन-तीन वर्षं आधी त्याची चाहूल लागते.

स्वरूपाचा दाणा हेच करायचा. मसुराएवढा, रात्री दाढेच्या बाहेरच्या अंगाला गालाशी टेकेल असा बसवायचा आणि सकाळी काढून पाण्यानं धुवायचा. खुणा वाढल्या की हिरव्याचा पिवळा व्हायचा, पिवळ्याचा तांबडा. पिवळ्यावरच माणूस गाठला, तर दवाखान्यात जाऊन अर्ध्या तासात तो कोपरा लेझरनं साफ करून घरी.

दाण्याला एकच मर्यादा होती. त्याला लांबचं दिसत नाही. जिथं टेकतो तिथल्या चार बोटांच्या अंतरातल्या पेशी त्याच्याकडे येतात. लाळ तोंडभर फिरते खरी, पण एका गालातलं दुसऱ्या गालात पोचेपर्यंत इतकं पातळ होतं की दाण्याला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून सुरुवातीला माणशी दोन दाणे द्यायचे, दोन्ही गालांना एकेक, असं ठरलं होतं. पण दाणे बनायला वेळ लागायचा. संस्थेचे प्रमुख डॉ. देवस्थळी म्हणाले, "एकेक दिला तर दुप्पट माणसांपर्यंत पोचू. तंबाखू धरणारा माणूस बाजू ठरवूनच धरतो. त्याच बाजूला लावायला सांगायचं, झालं." कारखान्यातल्या कामगारांवर चाचणी झाली, तिथं तंत्रज्ञांनी स्वतःच्या हातानं दाणे बसवले होते. निकाल उत्तम आले. स्वरूपानं मान डोलावली. आपण फार मोठं काम करतो आहोत या आनंदात तिला दुसरं काही सुचलंही नाही.

पहिलं गाव तिनंच सुचवलं, कुरळवाड. शाळेच्या पटांगणात समारंभ झाला, पहिला दाणा मालनमावशीला. गड्यांनी मिशा पिळत, बायकांनी तोंडाला पदर लावत दाणे घेतले. ज्या बाजूला तंबाखू धरता त्या बाजूला लावा, हे स्वरूपानं माईकवरून दोनदा सांगितलं. मावशीला मात्र ती म्हणाली होती, "तुझी तर सुटलीच आहे. तू लाव तुला बरं वाटेल तिकडं."

दोन वर्षांत जिल्ह्यात कितीतरी माणसं पिवळ्यावर सापडली आणि वाचली. हे खोटं नाही. आणि चौकातल्या टपरीवर लोक एकमेकांना हिरवा दाणा दाखवून, "हिरवा हाय की रं, मळ एक चिमूट," म्हणायला लागले, हेही खोटं नाही. स्वरूपाला पहिलं दिसायचं. दुसऱ्याकडे तिनं लक्ष दिलं नाही.

ती घरी पोचली तेव्हा मावशी चुलीपुढं नव्हती, खाटेवर होती. स्वरूपा पिशवी दारातच टाकून तिच्याजवळ गेली.

"आलीस व्हय? कशाला आलीस कामधंदा सोडून?" मावशी उठायला लागली. शब्द जाड येत होते, जिभेवर काही ठेवल्यासारखे. "हौशीला कुनी सांगितलंवतं फोन कराय?"

"आ कर."

"जेव तर आदी."

"मावशी, आ कर."

तोंड दोन बोटांपुरतंच उघडलं. स्वरूपानं मोबाईलचा उजेड आत धरला. उजवा गाल गुलाबी, स्वच्छ, एखाद्या लहान मुलाचा असावा तसा. मग उजेड डावीकडे वळवला. तिथं गाल नव्हता, जखम होती. कडा वर आलेल्या, टणक, खाली थेट हिरडीत आणि जिभेच्या मुळात उतरलेल्या. ती कशाची, हे ओळखायला डॉक्टर असण्याचीही गरज नव्हती.

"दाणा कुठं आहे?"

मावशीनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. कुंकवाच्या रिकाम्या चांदीच्या कोयरीत, कापसावर, दाणा ठेवलेला होता. हिरवागार. बाजूला एक जाईचं फूल.

"तू तंबाखू सोडली नाहीस."

मावशी खाली मान घालून बसली. "सोडलीवती की. आठ-धा दिस. मग डोस्कं कामच करंना. तुझी शप्पत मोडली, म्हनून रोज देवापुढं नाक घासत हुते. तुला काय हुयाला नको म्हनून."

"आणि दाणा? दाणा कुठल्या बाजूला लावत होतीस?"

"ह्या." मावशीनं उजव्या गालाला हात लावला. "चांगल्या बाजूला."

"का? अगं, का?"

मावशीला प्रश्नच समजला नाही. "तू दिल्याली वस्तू, पोरी. त्या खरकाट्यात घालू व्हय?"

स्वरूपाला रडायला यायला हवं होतं. आला तो संताप, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून ती बाहेर पडली. समोरच्याच घरात हौसाबाई भांडी घासत होती. "हौसामावशी, तुम्ही दाणा कुठं लावता?"

"दाढंला."

"कुठल्या दाढेला?"

हौसाबाई ओशाळली, इकडंतिकडं बघितलं, दारात कुणी गडी नाही ना याची खात्री केली आणि उजवा गाल दाखवला. तंबाखू डावीकडे होती. पलीकडच्या शालनचं उलट, दाणा डावीकडे आणि तंबाखू उजवीकडे. स्वरूपा दारोदार हिंडली. गड्यांनी सांगितल्या जागीच दाणे लावले होते. त्यांना लाज नव्हती आणि सोवळंही नव्हतं. पण तिनं विचारलेल्या बायकांपैकी एकीनंही तंबाखूच्या बाजूला दाणा लावला नव्हता. सकाळी तो देव्हाऱ्यात ठेवायचा असतो. देवापाशी ठेवायची वस्तू रात्री थुंकीच्या डबक्यात कशी बुडवायची?

"पण मी माईकवरून सांगितलं होतं," स्वरूपा म्हणाली.

"सांगितलंवतंस की," हौसाबाई म्हणाली. "पर ते गड्यांस्नी. आमी कुटं खातो तंबाखू?" आणि मग स्वतःच हसली. "अगं, जावई घरात आला तर त्याला काय मोरीत पाट मांडून जेवाय घालतो व्हय आपन?"

एरवी स्वरूपा या वाक्यावर पोट धरून हसली असती.

डॉ. देवस्थळींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पडद्यावर त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता. ते वाईट नव्हते, म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

"सूचनेत बायकांसाठी वेगळं, ठळक लिहू," ते म्हणाले.

"सूचना आजही ठळकच आहे, सर. त्या तंबाखू खातात हे त्या कबूलच करत नाहीत, तर सूचना स्वतःची मानतील कशा? दोन दाणे द्यायला हवेत. दोन्ही बाजूंना. म्हणजे बाजू विचारायलाच नको."

"पुढच्या महिन्यात सरकारची समिती पडताळणीला येते आहे. मंजुरी मिळाली तर राज्यभर वाटप. दोन-दोन दिले तर निम्म्याच लोकांना मिळतील. उरलेल्या निम्म्यांना काय सांगायचं?"

"आणि एकेक दिला तर हिरवा रंग बायकांना फसवत राहील."

"स्वरूपा, दाणा चुकतो एवढंच बाहेर गेलं, तर उद्या गडीसुद्धा तो उकिरड्यावर फेकतील. जे आज वाचताहेत तेही मरतील." ते थोडं थांबले. "मी तुला अडवणार नाही. समिती कुरळवाडलाच येणार आहे. तुला जे सांगायचं ते तिथं सांग. पण मालनबाई पहिल्या वापरकर्त्या आहेत. समिती त्यांनाही विचारेल."

मावशीचं ऑपरेशन ठरलं. डावा जबडा, गाल आणि जिभेचा बराचसा भाग काढावा लागणार होता. आदल्या दिवशी सर्जननी समजावून सांगितलं की बोलणं जाईल, नाकातून नळीनं जेवण, पुढचं नंतर बघू. मावशीनं ते भाजीचा भाव ऐकावा तसं ऐकलं. सर्जन गेल्यावर तिनं स्वरूपाला जवळ बसवलं.

"बोलाय येतंय तवर सांगती. त्या कमिटीला म्हनावं, मालननं दाना लावलाच न्हवता."

"तू लावत होतीस. रोज."

"चुकीच्या जागी लावला म्हंजे लावलाच न्हाई की. खोटं कुटं हाय त्यात?"

"चूक माझी आहे, मावशी. मला माहीत होतं त्याला पलीकडचं दिसत नाही. आपल्या बायका कशा आहेत हेही मला माहीत असायला हवं होतं. मी काय परक्या मुलखातून आले का? मी याच गल्लीत वाढले."

"तुझं मशीन चुकंल कसं?" मावशीला खरंच राग आला. "पेपरात फोटू आला तुझा. कलेक्टर तुला म्याडम म्हनतो. मी एक वखारीतली बाई, शप्पत मोडून तंबाखू खाल्ली, आनि तुझं नाव खराब करू व्हय? न्हाई जमायचं."

"मी खरं सांगणार आहे."

"सांग की," मावशी म्हणाली. "मी बी माजं सांगती." तिचं हे शेवटचं स्पष्ट वाक्य स्वरूपानं भांडणात ऐकलं आणि उत्तर न देता उठली. पुढं कितीतरी दिवस तिला तेवढंच टोचत राहिलं.

समिती आली तेव्हा शाळेचा हॉल भरला होता. मावशीला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. डोक्यावरून घेतलेला पदर डाव्या बाजूला खाली ओढलेला, आणि त्या पदराखाली जिथं गाल असायचा तिथं कापड नुसतं आत गेलेलं. नाकात नळी. तिला पाहून बायकांनी डोळ्याला पदर लावले. समितीच्या अध्यक्षीणबाई, मुंबईहून आलेल्या, फार अदबीनं बोलणाऱ्या, यांनी स्वरूपाला बोलायला सांगितलं.

स्वरूपानं काहीही हातचं राखलं नाही. दाण्याला किती अंतरावरचं कळतं ते सांगितलं. दोन दाण्यांचा आराखडा होता आणि एकावर आपण राजी झालो, हे सांगितलं. गावातल्या बायका दाणा कुठं लावतात आणि का, हेही सांगितलं. तेव्हा हॉलमधल्या गड्यांनी चमकून आपापल्या बायकांकडे पाहिलं आणि बायकांनी जमिनीकडे.

"माझी मावशी रोज रात्री न चुकता दाणा लावत होती," ती म्हणाली. "तो शेवटपर्यंत हिरवा होता. आणि तिचा जबडा गेला. हा दोष तिचा नाही. माझ्या यंत्राचा आहे. एक दाणा वाटू नका. उशीर झाला तरी चालेल, दोन वाटा."

अध्यक्षीणबाईंनी बराच वेळ टिपणं केली. मग त्या मावशीच्या खुर्चीपाशी जाऊन वाकल्या. "मालनताई, त्रास देते, माफ करा. फक्त मान हलवून सांगा. तुम्ही दाणा लावत होतात का?"

मावशीनं स्वरूपाकडे पाहिलं. त्या उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर माया होती, दुसरं काहीही नव्हतं.

तिनं मान हलवली. नाही.

"कधीच नाही?"

नाही. मग तिनं दोन्ही कान पकडले, शाळेत पोरं पकडतात तसे, आणि समितीपुढं हात जोडले.

"मावशी!" स्वरूपा ओरडली. "खोटं सांगतेय ती! हौसामावशी, तुम्ही सांगा. तुम्ही बघितलाय तिचा दाणा!"

हौसाबाई उभी राहिली. तिनं खुर्चीतल्या मालनकडं बघितलं, मालननं तिच्याकडं. वखारीत एका ओळीत बसून ज्यांनी जन्म घालवला, त्यांना बोलावं लागत नाही. शिवाय समोर हौसाबाईचा नवरा होता, दोन दीर होते, आणि तंबाखूचा विषय निघालेला होता.

"मला काय ठावं न्हाई बाई," हौसाबाई म्हणाली. "आमी कुनी तंबाखू खातच न्हाई."

अध्यक्षीणबाईंचे डोळे ओले झाले होते. त्या स्वरूपाच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी समजू शकते, डॉक्टर. आपल्या माणसाची चूक आपल्या अंगावर घ्यावीशी वाटते. पण या वेळी तुमचं ऐकलं तर तो इतर लाखो लोकांवर अन्याय होईल." मागच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्यानं म्हणालीच, "पोरगी लई गुनाची. मावशीसाठी एवढ्या लोकांत खोटं बोलली."

स्वरूपा बोलतच होती. आकडे सांगत होती, बायकांची नावं घेत होती. जितकं जास्त बोलली तितकी लोकांची नजर हळवी होत गेली. देवस्थळी खाली बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला मालनमावशीचा तिरस्कार वाटला, आणि तो वाटल्याबरोबर स्वतःचाही.

उठता उठता अध्यक्षीणबाईंना काहीतरी सुचलं. "मालनताई, इथल्या बहिणींना तुम्ही काही सांगाल? तुमचं त्या ऐकतील."

मावशी खुर्चीत ताठ बसली. तिनं सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. मग चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं आणि ते दाढेशी नेऊन बसवल्याची खूण केली. दाणा लावा. रोज लावा. खूण करायला तिच्याकडं एकच गाल उरला होता, उजवा, चांगला, आणि तिचं बोट तिथंच टेकलं. बायका टक लावून बघत होत्या. पुढच्या रांगेतल्या एका नव्या सुनेनं तसंच बोट आपल्या गालाला लावून बघितलं. मग टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी फोटो काढला.

मंजुरी त्याच आठवड्यात आली, माणशी एक दाणा. स्वरूपानं राजीनामा दिला. तिच्या दुःखाचा मान ठेवून संस्थेनं तो स्वीकारला नाही. मालनमावशी श्रावणापर्यंत जगली. जाताना ती सुखात होती, असं सगळ्यांनी सांगितलं.

तो फोटो आता राज्यातल्या सगळ्या आरोग्यकेंद्रांच्या भिंतीवर आहे. पदर घेतलेली बाई, विनवणारा चेहरा, आणि चांगल्या गालावर टेकलेलं बोट. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की दाणा तंबाखूच्या बाजूला लावावा. बायका ते वाचत नाहीत. त्या फोटोतल्या बाईकडं बघून हात जोडतात, आणि दाणा घेऊन घरी जातात.